घरांना परवानगी आधी, शाळा मागाहून: सरकारी शाळेची जागा नक्की कोण ठरवतं?

ओढ्याकाठचा

हडपसरच्या पलीकडे राहतो. आमचं गाव २०२१ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी. गावठाणात जिल्हा परिषदेची जुनी शाळा होती, ती आता महापालिकेची झाली. पाटी बदलली, खोल्या तेवढ्याच. आणि शाळेभोवती दोन किलोमीटरच्या टापूत जिकडे बघाल तिकडे बारा-बारा मजली टॉवर.

गंमत बघा. गाव महापालिकेत. पण या २३ गावांच्या नियोजनाचे अधिकार सरकारने २०२१ मध्येच पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) दिले. शाळेच्या खोल्यांचा पैसा कधी समग्र शिक्षामधून, कधी स्थानिक निधीतून. टॉवरना परवानगी देणाऱ्या टेबलावर कुणीही विचारत नाही की इथे येणाऱ्या मुलांना पहिलीत बसवायचं कुठे. पाण्याचं विचारतात (निदान कागदावर तरी, टँकरचं हमीपत्र घेतात). शाळेचं तेवढंही नाही.

माझं मत थोडक्यात: राज्य सरकार शाळा बांधायला जो पैसा देतं तो विकास आराखड्याशी बांधलेला हवा. जिथे वस्ती वाढवायची असं सरकारच ठरवतं, तिथे शाळेची जागा आणि खोल्यांचा निधी आधी. तुमच्या भागात काय परिस्थिती आहे? आणि ही जागा शेवटी ठरवतं तरी कोण? जाणकारांनी सांगावं.

---

गुळपोळी

जागा ठरवतो तो बिल्डर. नाव ठरवतो तो नगरसेवक. उद्घाटनाला दोघेही.

---

टाळकुटे

+१ गुळपोळी. धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

---

झोन_दाखला

बंद करू नका, मला लिहायचंय. नगररचना खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त. मोबाइलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

शहरात शाळेची जागा ठरते ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालच्या विकास आराखड्यात. पद्धत अशी: पुढच्या २० वर्षांची लोकसंख्या धरायची, मानकाने भागायचं, जितक्या शाळा निघतील तितके तुकडे नकाशावर रंगवायचे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांचं मानक आहे ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा, जागा ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर. वरच्या वर्गांच्या शाळेला ७,५०० लोकसंख्या आणि १.८० हेक्टर.

इथपर्यंत सगळं छान. पण आरक्षण म्हणजे जमीन ताब्यात नव्हे. जमीन खाजगी मालकाचीच राहते, फक्त त्याला तिथे दुसरं काही करता येत नाही. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. मग पालिकेला ठराविक मुदतीत संपादन करावं लागतं. पूर्वी सहा महिने होते, मग बारा झाले, २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस. नाही जमलं तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. नुसता प्रस्ताव वर पाठवला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय. त्यातून २०१३ चा भूसंपादन कायदा आल्यापासून मोबदला बाजारभावाच्या दुप्पट, ग्रामीण भागात चौपटीपर्यंत. रोख द्यायला पालिकेकडे पैसे नसतात. मग टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणून मालकाच्या मागे लागायचं. टीडीआरचा बाजार पडलेला असेल तर तो घेत नाही.

आता ओढ्याकाठच्या यांच्या मुद्द्याकडे. आराखडा करताना आम्ही शिक्षण विभागाला पत्र पाठवायचो: तुमची मागणी कळवा. उत्तर बहुतेक वेळा यायचंच नाही. आलं तर असलेल्या शाळांची यादी यायची. दोन्ही कार्यालयं एकाच इमारतीत, मधे दोन मजले.

---

टाळकुटे

लिफ्ट बंद असेल काका.

---

झोन_दाखला

@टाळकुटे 😀 लिफ्ट चालू होती. पण शिक्षण विभागाला प्रश्न पडतो तो या जूनचा, आमचा नकाशा २० वर्षांनंतरचा. त्यांच्या टेबलावर आमचा नकाशा लावून ठेवला असता तरी त्याचा त्यांना उपयोग काय, हा प्रश्नच आहे. त्यांना पटसंख्येवर शिक्षक मिळतात, पटसंख्येवर खोल्या मिळतात. मुलं आली की मागणी. मुलं येणार आहेत म्हणून मागणी करायला त्यांच्याकडे रकानाच नाही.

---

निवांत_नाना

पुण्याच्या थोड्या जुन्या हद्दीतला अनुभव. १९९७ ला आत आलेल्या भागात राहतो. आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेचं आरक्षण होतं. फ्लॅट विकताना बिल्डरने ब्रोशरमध्ये ते ठळक छापलेलं. "समोर नियोजित शाळा." आज तिथे मंगल कार्यालयाचं लॉन आहे. लग्नसराईत रात्री साडेअकरापर्यंत बँड. माझी नात बँडच्या तालावर पाढे म्हणते, त्या अर्थाने शिक्षण चालू आहे.

---

खडूफळा

शहरवाल्यांचं वाचून बरं वाटलं, निदान नकाशा तरी आहे. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, सह्याद्रीच्या कुशीत. आमच्याकडे शाळेची जागा कशी ठरते ते सांगतो.

गावात कुणीतरी दानशूर निघतो, किंवा गायरान असतं. दान मिळते ती जमीन बहुधा पिकाला नालायक असलेली: उताराची, ओढ्यालगतची, किंवा स्मशानाच्या वाटेवरची. तोंडी दान. बक्षीसपत्र कुणी केलेलं नसतं. पन्नास वर्षांनी दात्याचे नातू सातबारा घेऊन उभे राहतात, की शाळा आमच्या जमिनीत आहे. आता खोली मंजूर झाली तरी बांधायची कुठे? जागा शाळेच्या नावावर नाही म्हणून प्रस्ताव परत. अशा किती शाळा असतील याचा अंदाज कुठल्याही गटशिक्षणाधिकाऱ्याला विचारा. आधी हसतील, मग सांगतील.

नियम विचाराल तर राज्याच्या २०११ च्या आरटीई (शिक्षण हक्क) नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत, दोन्हीला निदान २० मुलं असतील तर. डोंगरात १ किलोमीटर म्हणजे काय ते जुलैमध्ये येऊन बघा. नकाशावर पट्टी ठेवली तर पलीकडची वाडी ८०० मीटर. मधे ओढा आहे. साकव वाहून गेला की वळसा घालून तास लागतो.

आणि आता समूह शाळा, म्हणजे कमी पटाच्या शाळा मिळून एक मोठी. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांचे प्रस्ताव मागवले. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांवर आहेत. पानशेत आणि तोरणमाळ ही उदाहरणं दाखवली गेली. मुद्दा मला अगदीच चूक वाटत नाही. चौथीत एक मूल, तिसरीत दोन, असा वर्ग चालवताना मुलाला भांडायलासुद्धा जोडीदार नसतो. पण समूह शाळा कुठे उभारायची हे ठरवताना रस्त्यांचा आराखडा आणि एसटीचं वेळापत्रक कुणी समोर ठेवलं? वाहनभत्ता देऊ म्हणतात. भत्त्याने गाडी येत नाही, ती रस्त्याने येते.

---

पाचबागा

खडूफळा सर, नमस्कार तुम्हाला.

मी दादरची, हिंदू कॉलनीत वाढले. १८९६ च्या प्लेगनंतर बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, १८९८ मध्ये. त्याने दादर-माटुंगा-वडाळा आखलं. रस्ते, बागा, घरांचे भूखंड आणि शिक्षणसंस्थांच्या जागा एकत्र. आम्ही शाळेत चालत जायचो, दुपारी जेवायला घरी यायचो. आईला घड्याळ बघावं लागत नसे, शाळेची घंटा घरात ऐकू यायची. शंभर वर्षांपूर्वी जमलं ते आज का जमू नये?

---

चौरसफूट

पाचबागाताई, जमलं कारण जमीन ट्रस्टच्या हातात होती. संपादनाचे अधिकार होते, शेतं होती, मोबदला तेव्हाचा. आज तो हिशोब करून बघा.

बांधकाम व्यवसायात आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. दोन मुद्दे. एक, मोठ्या प्रकल्पात आम्ही अॅमिनिटी स्पेस (सार्वजनिक सोयींसाठीची जागा) सोडतो. ती सोडल्यावर तिचं काय होतं ते आम्हाला विचारू नका. २०२१ मध्ये पुण्यात अशा जागा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायचा प्रस्ताव आला होता, केवढा गदारोळ झाला आठवत असेल. दोन, मुंबईत १९९१ च्या नियमावलीपासून सोय आहे की मालकाने आरक्षणाच्या भूखंडावर शाळेची इमारत बांधून पालिकेला द्यावी आणि उरलेलं आपण वापरावं. पालिकेचा एक रुपया जात नाही. ज्यांना नुसतं "संपादन करा" म्हणायचंय त्यांनी आधी पालिकेचं अंदाजपत्रक वाचावं.

---

ओढ्याकाठचा

@चौरसफूट, शिव्या नाहीत, प्रश्न आहे. बांधून दिलेली शाळा टॉवरच्या पोडियमवर, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असते. मैदान कुठे असतं?

---

चौरसफूट

मैदानाचं आरक्षण वेगळं असतं. 🙂

---

गुळपोळी

आणि तिथे टर्फ असतं. तासाला हजार रुपये.

---

मेरीलँडकर

ओढ्याकाठचा, तुम्ही जे मागताय ते आमच्याकडे निम्मं-अर्धं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी वॉशिंग्टनजवळ, मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) राहते.

इथे शाळांच्या बांधकामाला राज्य सरकार पैसा देतं, १९७१ पासून. ज्या समितीकडे हे काम होतं तिच्यात शिक्षण खात्याबरोबर राज्याच्या नियोजन खात्याचा सचिवही बसायचा. म्हणजे झोन_दाखला काकांचे ते दोन मजले इथे एका टेबलावर आले. पुढे १९९७ मध्ये गव्हर्नर पॅरिस ग्लेंडेनिंग यांनी कायदा केला: वाढ जिथे व्हायला हवी ते पट्टे काउंटीने आखायचे आणि राज्याचा वाढीचा पैसा मुख्यतः तिथेच. शाळांच्या बाबतीत भर पडला तो वस्तीतल्या जुन्या शाळा दुरुस्त करण्यावर, गावाबाहेर नव्या बांधण्यापेक्षा.

याची गरज का पडली? कारण अमेरिकेत अनेक वर्षं जमिनीच्या मोठाल्या मानकांनी घात केला. प्राथमिक शाळेला १० एकर, वर दर १०० मुलांमागे एक एकर. हायस्कूलला ३० एकरांपासून सुरुवात. वस्तीत एवढी जमीन मिळेना, मग शाळा शेतात. तिथपर्यंत रस्ता, मग रस्त्यालगत घरं, मग पुन्हा नवी शाळा. ज्या संघटनेने ती मानकं दिली होती तिनेच २००४ मध्ये ती सोडली. १९६९ मध्ये आठवीपर्यंतची जवळपास निम्मी मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जायची, २००९ मध्ये १३ टक्के.

पण खरी गोष्ट पुढे आहे. माझ्या काउंटीने नियम केला होता की एखाद्या भागातल्या शाळा क्षमतेच्या १२० टक्क्यांवर भरल्या की त्या भागात नव्या घरांना परवानगी बंद. इथे कितीतरी जणांना वाटेल, अरे वा, हेच तर हवं! पुढे काय झालं? २०१९ मध्ये बंदी लागली ती सिल्व्हर स्प्रिंगसारख्या भागाला, जिथे मेट्रो आहे, जिथे घरं वाढावीत असं नियोजनच सांगत होतं. आणि शाळेतली मुलं वाढत होती ती बरीचशी जुन्या घरांतून: म्हातारं जोडपं घर विकून जातं, दोन मुलांचं कुटुंब येतं. नवी इमारत थांबवली तरी वर्ग भरलेलेच. नोव्हेंबर २०२० मध्ये काउंटीने ती बंदी उठवली, आता जास्तीचं शुल्क घेतात. तोवर मुलं शाळेच्या आवारातल्या पोर्टेबल खोल्यांत शिकत होती, अजूनही शिकतात.

---

टाळकुटे

म्हणजे डॉलर असूनही पत्र्याची खोली. काळजाला थंडावा मिळाला.

---

मेरीलँडकर

@टाळकुटे पत्र्याच्या खोलीला एसी आहे हो. 😀

---

एडिसनचा_वडापाव

न्यू जर्सीतून हजेरी. पैसा असला तरी काय होतं ते आमच्याकडे बघा. कोर्टाने १९९८ मध्ये गरीब शहरांतल्या शाळा राज्याने बांधून द्या म्हणून आदेश दिला. २००० च्या कायद्याने ८.६ अब्ज डॉलर मंजूर झाले. पैसा आला, घाई आली, जमिनी घेतल्या. काही ठिकाणी माती दूषित निघाली, घरं पाडून जागा मोकळी केली आणि शाळा उभीच राहिली नाही. २००७ मध्ये ते महामंडळ गुंडाळून दुसरं काढलं. आधी जागा पारखा, मग चेक फाडा.

---

सानपाडा_एक्सप्रेस

सगळेजण एका गोष्टीला बगल देताय. नवी मुंबईत सिडकोने (स्थापना १९७०) अगदी तुम्ही म्हणता तसंच केलं. जमीन सरकारच्या हातात, सेक्टर आखले, प्रत्येक नोडमध्ये (उपनगरात) शाळांचे भूखंड ठेवले. भूखंड वापरलेही गेले, लॉन झाली नाहीत. पण दिले कुणाला? संस्थांना. आज आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांत चार शाळा आहेत. फी भरायची ऐपत असेल तर चारही तुमच्या. नाक्यावरच्या भाजीवालीची मुलगी महापालिकेच्या शाळेत जाते, ती शाळा जुन्या गावठाणात, हायवे ओलांडून.

नियोजनकर्त्याच्या नकाशावर मात्र "शाळा: आवश्यक ४, उपलब्ध ४". मानक पूर्ण!

---

झोन_दाखला

सानपाडा, वर्मावर बोट ठेवलंत. आराखड्यात बहुतेक आरक्षणं "प्राथमिक शाळा" एवढीच असतात. कुणाची, हे लिहिलेलं नसतं. २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आल्यावर तर संस्था अर्ज करते तिला परवडेल त्या जागी, म्हणजे जिथे फी देणारे पालक आहेत तिथे. आम्ही मोजताना तीही शाळाच धरायची.

---

खडूफळा

आणि याच्या उलट बाजूही बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने आरटीई नियम बदलले. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला गरीब-वंचित मुलांच्या २५ टक्के प्रवेशांतून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. म्हणजे आमच्या शाळेची जागा नवी शाळा मागताना कुणाला दिसत नाही, पण खाजगी शाळेला सूट द्यायची वेळ आली की बरोबर दिसते.

---

निवांत_नाना

गुरुजी, 🙏

---

चौरसफूट

नाना, ते लॉनचं आरक्षण व्यपगत झालं होतं का, तात्पुरता वापर आहे? तात्पुरता असेल तर अजून वाचवता येईल. भाग नकाशा बघून घ्या. (हे मी सांगतोय याची नोंद घ्यावी.)

---

गुळपोळी

नोंद घेतली. स्क्रीनशॉटही घेतला.

---

पाचबागा

अवांतर: दुपारी जेवायला घरी येणारी मुलं आता कुठे राहिली आहेत का?

---

खडूफळा

@पाचबागा आमच्याकडे खिचडी शाळेतच. पण शिक्षकच कधीकधी मुलांच्या घरी जेवतात, आग्रहाने.

---

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे आभार. मेरीलँडकरताई, तुमचा प्रतिसाद वाचून "शाळा नाही तर परवानगी बंद" ही माझी दुसरी मागणी (अजून लिहिली नव्हती, लिहिणार होतो) खिशात ठेवली. पहिली कायम आहे. पैसा आराखड्याशी बांधा. पण सानपाडा म्हणतात तसं आरक्षणात "सार्वजनिक" हा शब्द लेखी हवा, आणि खडूफळा सरांच्या सातबाऱ्याचा निकाल निधीच्या आधी लागायला हवा, नाहीतर बांधायला जमीनच नाही.

आता कामाचा प्रश्न, झोन_दाखला काकांना. आमच्या भागाचा आराखडा अजून व्हायचाय. प्रारूप (आराखड्याचा मसुदा) प्रसिद्ध झालं की आम्ही सोसायटीवाल्यांनी नक्की काय करायचं?

---

झोन_दाखला

प्रारूपाची वाट बघू नका. प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांना मुदत असते, लोक तेव्हा जागे होतात आणि प्रत्येक जण आपल्या प्लॉटवरचं आरक्षण काढा म्हणून अर्ज करतो. आरक्षण टाका म्हणून अर्ज मी नोकरीत फार कमी पाहिले. त्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. तेव्हाच सध्याच्या शाळेचा पट, खोल्या, पाळ्या आणि तुमच्या टापूत मंजूर झालेल्या सदनिकांची संख्या जोडून पत्र द्या. पट यू-डायसवर (शाळांच्या सरकारी माहितीच्या संकेतस्थळावर) असतो, सदनिका महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर मिळतील. गायरान असेल तर तेच आधी सुचवा, संपादनाचा खर्च नाही. सुनावणीला तिघं-चौघं जा, भाषण करू नका, नकाशावर गट नंबर दाखवा. आणि मुख्याध्यापकांचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं.

---

खडूफळा

मुख्याध्यापक स्वतःहून पत्र देणार नाहीत, त्यांना वरची परवानगी लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. समितीत पालक बहुसंख्य असतात, ठराव त्यांचा.

---

सानपाडा_एक्सप्रेस

हे भारी आहे. ठरावाचा मसुदा कुणी इथे टाकेल का?

---

झोन_दाखला

रविवारी टाकतो. नातवाकडून लॅपटॉप मिळाला तर.

---

निवांत_नाना

अर्ज साध्या कागदावर चालतो ना काका? आणि मी लॉनचा भाग नकाशा काढायला उद्याच जातोय.

---

झोन_दाखला

चालतो. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. शिक्का मारल्याशिवाय खिडकी सोडू नका.